तोबितचे डोळे आणि एक लहानसा मासा

जुन्या करारातील तोबितची कथा आमच्या कुटुंबांना नवी नाही. निनवे नगरीत हद्दपारीचे जिणे कंठणारा हा देवभीरू गृहस्थ एके रात्री अंगणाच्या भिंतीशी निजला असता चिमण्यांची विष्ठा त्याच्या डोळ्यांत पडली, डोळ्यांवर पांढरे पापुद्रे आले आणि त्याची दृष्टी गेली. पुढे त्याचा पुत्र तोबिया परमुलखी निघाला. राफाएल देवदूत मनुष्यरूप घेऊन त्याचा सोबती झाला. तैग्रिस नदीत एक मोठा मासा तोबियावर झेपावला आणि देवदूताच्या सांगण्यावरून त्याने त्या माशाचे पित्त जपून ठेवले. घरी परतल्यावर ते पित्त बापाच्या डोळ्यांना लावताच पापुद्रे सुटून आले आणि बापाने आपल्या मुलाचे मुख पुन्हा एकदा पाहिले. राफाएल या नावाचा अर्थच मुळी ‘देव बरे करतो’ असा आहे.

मासा आणि डोळा यांची ही जुनी जोडी आजच्या शास्त्रात एका निराळ्याच रीतीने पुन्हा जमली आहे. मात्र आरंभीच एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. माशाचे पित्त अगर दुसरा कोणताही घरगुती रस कोणीही डोळ्यांत घालू नये. त्याने असलेली दृष्टीही जाईल. शास्त्रज्ञ ज्याचा शोध घेत आहेत ते माशाचे पित्त नसून माशाचा स्वतःचा डोळा आहे. कारण तो डोळा आतून जखमी झाला, तर काही आठवड्यांत आपला आपण बरा होतो. आपला होत नाही. हा भेद कशामुळे पडला आणि त्यात अन्नापासून बनणाऱ्या सूक्ष्म द्रव्यांचा वाटा कोणता, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

डोळ्याचा पडदा

तोबितच्या डोळ्यांवर आलेले पापुद्रे पुढच्या बाजूस होते. परंतु डोळ्याचे खरे मर्म पाठीमागे असते. तेथे कागदासारखा पातळ असा एक पडदा आतून अस्तर लावल्याप्रमाणे पसरलेला असतो. त्याला शास्त्रात दृष्टिपटल म्हणतात. मनुष्याच्या एका डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि सुमारे 60 लाख शंकुपेशी असतात. अंधूक उजेडात वाट दाखवितात त्या दंडपेशी. रंग आणि बारीक अक्षरे ओळखतात त्या शंकुपेशी. त्यांनी टिपलेली वार्ता इतर पेशींच्या हातून हातोहात पुढे जाते आणि शेवटी मेंदूस पोहोचते.

गर्भात डोळा घडतो तेव्हा हे दृष्टिपटल मेंदूचाच एक अंकुर म्हणून पुढे येते. म्हणून मेंदूचा जो दोष तोच त्याचाही दोष: एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. हाताची कातडी सोलली तर नवी येते, मोडलेले हाड सांधते; पण मधुमेहाने, काचबिंदूने किंवा वार्धक्याने या पडद्याचा जो भाग गेला तो गेलाच. आमच्या कितीतरी घरांत ओटीवर बसून पावलांच्या आवाजावरून नातवंडे ओळखणारी आजी आहे. डॉक्टर जेव्हा तिच्या मुलाला सांगतात, “पडदा गेला, आता उपाय नाही,” तेव्हा त्यांच्या शब्दांमागे हेच कारण असते.

शेतातील पाण्यातला मासा

आता ज्या माशाकडे आम्हांला वळावयाचे आहे तो दूरदेशीचा नाही. भारत, नेपाळ व बांगलादेश येथील संथ ओढे, डबकी आणि भातखाचरांतले पाणी हे त्याचे मूळ घर. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे. त्या पट्ट्यांवरून त्याला झेब्रा मासा असे नाव पडले. फ्रान्सिस हॅमिल्टन या वैद्याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर 1822 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले. पुढे अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशावर संशोधन केले. 1981 साली ते प्रसिद्ध झाल्यापासून प्रयोगशाळांत त्याचा मान वाढत गेला. जो मासा आमच्याकडे कोणी कालवणासाठीही धरणार नाही, तो आज जगभरच्या विद्वानांच्या काचेच्या टाक्यांत पोसला जातो!

या माशाच्या डोळ्याविषयी महत्त्वाचे काम झाले ते एका कॅथलिक विद्यापीठात, ही गोष्ट आमच्या वाचकांना आनंद देईल. अमेरिकेच्या इंडियाना प्रांतातील नोत्र दाम विद्यापीठ 1842 साली पवित्र क्रुस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी स्थापिले. तेथे डेव्हिड हाइड आणि त्यांचे सहकारी यांनी 2000 साली दाखवून दिले की, झेब्रा माशांना काही काळ अंधारात ठेवून नंतर अत्यंत प्रखर प्रकाशात ठेवले, तर त्यांच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. परंतु सुमारे चार आठवड्यांच्या आत तेथे नव्या दंडपेशी व शंकुपेशी उभ्या राहतात.

नव्या पेशी येतात कोठून? त्यांचे उगमस्थान म्हणजे ‘म्यूलर पेशी’. हाइनरिख म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1851 साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हे नाव. घराला आधार देणारे खांब जमिनीपासून आढ्यापर्यंत जातात, तशा या पेशी दृष्टिपटलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उभ्या असतात. पाहणे हे त्यांचे काम नव्हे. पाहणाऱ्या पेशींना आधार देणे, त्यांनी टाकलेले द्रव्य उचलणे, पोषण पुरविणे, असे घरातील कर्त्या बाईचे काम त्या मुकाट्याने करीत असतात. माशाच्या डोळ्यास इजा झाली की एकदोन दिवसांत याच पेशी जाग्या होतात. म्यूलर पेशी दुभंगते. तिचा एक भाग पूर्ववत म्यूलर पेशी म्हणून राहतो आणि दुसऱ्यापासून कोवळ्या पेशींची संतती वाढून जे मेले असेल त्याची जागा भरून काढते.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की, म्यूलर पेशी आपल्याही डोळ्यांत आहेत. खांब तेच, काम तेच. पण आपल्या डोळ्यास इजा झाली असता त्या फुगतात, वण धरतात आणि पुन्हा निजतात.

निजलेल्यास कोण जागे करतो?

तेव्हा प्रश्न असा उरतो: माशाच्या म्यूलर पेशीस शेजारी मेल्याची वार्ता कळते कशी? काही वार्ता मरणाऱ्या पेशी प्रथिनांच्या रूपाने स्वतःच धाडतात, हे नोत्र दाम येथील संशोधकांनी 2013 साली दाखविले. परंतु दुसरी वार्ता याहून साधी आहे. ती अन्नाच्या हिशेबातून येते.

आपण भाकरी खातो, भात खातो. त्याची साखर होते. ती साखर प्रत्येक पेशीत टप्प्याटप्प्याने मोडली जाते. या मोडण्याघडण्याच्या व्यवहारास चयापचय म्हणतात आणि त्यात पावलोपावली जी लहान लहान द्रव्ये निर्माण होतात ती चयापचयाची द्रव्ये. दृष्टिपटल हे शरीरातील मोठ्या खादाड भागांपैकी एक. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना 1920 नंतरच्या दशकात असे आढळले की, प्राणवायू भरपूर असतानाही दृष्टिपटल साखरेचे लॅक्टेट, म्हणजे दुग्धाम्लाचे रूप, मोठ्या प्रमाणावर बनविते. पुढे उंदरांच्या डोळ्यांवरील प्रयोगांतून 2014 साली दिसून आले की, म्यूलर पेशींत साखर मोडण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा जवळजवळ नसतोच. म्हणून प्रकाश टिपणाऱ्या पेशी जे लॅक्टेट आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात, त्यांवर त्या आपला निर्वाह चालवितात. उलट शेजारी पेशींनी वापरून टाकलेले ग्लुटामेट नावाचे द्रव्य म्यूलर पेशी उचलतात आणि त्याचे रूप पालटून ते त्यांना परत देतात. एकीचे उष्टे ते दुसरीचे अन्न! असा हा एका चुलीवरचा संसार आहे. ज्या घरात रोजचे देणेघेणे इतके जवळचे, तेथे एक माणूस गेल्याचे सांगायला निराळा निरोप्या कशाला हवा? ताट वाढलेले तसेच राहिले, की घर समजते.

माशाच्या बाबतीत अशा दोन वार्ता प्रयोगाने उघड झाल्या आहेत.

पहिली वार्ता सांडलेल्या धनाची. प्रत्येक पेशी आपले बळ एटीपी नावाच्या द्रव्यात साठविते. खर्च झाला की त्याचे एडीपी बनते. हे धन घराच्या आत राहावयाचे. आमच्या गावात वाटेवर भात सांडलेले दिसले, तर कोणाची तरी कणगी फुटली हे न सांगता कळते. तद्वतच पेशी फुटल्या की ही द्रव्ये बाहेर सांडतात. अर्जेंटिना देशातील संशोधकांनी 2009 साली झेब्रा माशांच्या जखमी दृष्टिपटलावर दाखविले की, बाहेर आलेले एडीपी हे नव्या पेशींच्या वाढीस चालना देते. ते ओळखणारे पेशींवरील द्वार औषधाने बंद केले, तर वाढ मंदावते.

दुसरी वार्ता याच्या अगदी उलट, ती शांततेची. ग्लुटामेटपासूनच ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य बनते. मज्जापेशी ते सतत थोडेथोडे सोडत असतात आणि शेजाऱ्यांना जणू सांगत असतात की, सारे ठीक आहे, निजून राहा. भाताची गिरणी चालू असते तोवर तिच्या आवाजाकडे गावात कोणाचे लक्ष नसते. ती एकाएकी थांबली, की प्रत्येक जण मान वर करतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेम्स पॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली हेच प्रसिद्ध केले. झेब्रा माशाचा धडधाकट डोळा त्यांनी घेतला. त्यात काही इजा नव्हती. केवळ गाबाचा संदेश औषधाने अडविला, तोच म्यूलर पेशी जखम झाल्यासारख्या जाग्या होऊन वाढू लागल्या. उलट जखमी डोळ्यात गाबाचे काम करणारे औषध घातले, तर त्यांचे जागे होणे मंदावले. म्हणजे बरे करण्याची शक्ती बाहेरून आणावी लागली नाही. ती तेथेच निजलेली होती.

अन्न आणि जन्मलेख

वार्ता पोहोचली, तरी एवढ्याने काम होत नाही. म्यूलर पेशीस आपला सध्याचा धंदा सोडून बालपणीची विद्या आठवावी लागते. ती विद्या प्रत्येक पेशीच्या जन्मलेखात, म्हणजे जनुकांत, लिहिलेली असते. पण तो लेख रिळावर दोरा गुंडाळावा तसा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. कोणते पान उघडे आणि कोणते मिटलेले, हे ठरविण्याच्या खुणांपैकी एक खूण ‘असेटिल’ नावाची आहे. ही खूण ज्या द्रव्यापासून येते ते साखर व चरबी मोडल्यानेच निर्माण होते. 2019 साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी असेही दाखविले की, लॅक्टेटसुद्धा हिस्टोनांवर आपली खूण उमटविते. ताटातले अन्न आणि जन्मलेखाची पाने यांच्यामध्ये असा सरळ धागा आहे, हे आमच्या आजोबांच्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

या खुणांचे महत्त्व दोन प्रयोगांवरून कळते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात टॉमस रे यांच्या गटाने 2017 साली प्रौढ उंदरांच्या म्यूलर पेशींत एक जनुक चालू केले. ‘एस्कल-एक’ हे त्याचे नाव. माशाच्या डोळ्यात जखमेनंतर याच जातीचे जनुक जागे होते. त्यासोबत असेटिलची खूण पुसू न देणारे औषध त्यांनी दिले. तेव्हा जखमी डोळ्यांतील काही म्यूलर पेशींच्या मज्जापेशी झाल्या. त्या शेजाऱ्यांशी जोडल्या गेल्या आणि प्रकाशास प्रतिसादही देऊ लागल्या. परंतु आपल्याच देशात, मोहाली येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, राजेश रामचंद्रन यांच्या गटाने 2018 साली दाखविले की, झेब्रा माशाच्या डोळ्यात ती खूण पुसणारी प्रथिनेच नव्या पेशी घडविण्यासाठी आवश्यक असतात. म्हणजे जे उंदरास साहाय्यक, त्याच्या उलट माशास हवे! पेरणीचा पाऊस आणि कापणीचा पाऊस एकच. पण एक वरदान ठरतो आणि दुसरा नासाडी करतो. येथेही तेच. द्रव्य कोणते एवढेच पुरत नाही. ते कोणत्या घडीस, कोणत्या प्राण्यात, किती, हे सारे पाहावे लागते.

मग आपल्या म्यूलर पेशी निजूनच का राहतात? 2020 साली जॉन्स हॉपकिन्स, नोत्र दाम, ओहायो राज्य विद्यापीठ आदी ठिकाणच्या संशोधकांनी झेब्रा मासा, कोंबडीचे पिलू आणि उंदीर यांच्या म्यूलर पेशींची तुलना प्रसिद्ध केली. उंदराची पेशीही इजा होताच जागी होऊ लागते. पण जनुकांचा एक गट तिला लगेच मागे खेचून पुन्हा निजवितो. तो गट बंद पाडला, तेव्हा प्रौढ उंदरातही काही म्यूलर पेशी वाढल्या आणि त्यांतून मज्जापेशी निपजल्या. सस्तन प्राण्यांतली ती शक्ती मेलेली नाही. तिच्यावर कुलूप आहे.

आशा आणि सावधगिरी

वाचकहो, येथवर वाचून एखाद्या घरात आशेचा दिवा लागला असेल. तो आम्ही विझवू इच्छीत नाही; पण त्याला वाऱ्यापासून जपण्याचा मार्ग सांगणे अवश्य आहे. जे काही वर सांगितले ते मासे आणि उंदीर यांच्यात सिद्ध झालेले आहे. माणसाच्या गेलेल्या पडद्यास नवा अंकुर फोडणारे औषध आज कोणत्याही दुकानात किंवा दवाखान्यात नाही. जो कोणी ते आहे असे सांगून पैसे मागेल, त्याच्या दारातून परत फिरावे.

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वार्धक्याने दृष्टी मंदावलेल्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत, त्यांच्याच चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी, पैसे घेऊन टोचण्यात आल्या. थोड्याच दिवसांत त्यांची असलेली दृष्टीही बव्हंशी गेली. हा वृत्तांत 2017 साली वैद्यकाच्या एका प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे इतक्या पुढारलेल्या देशात घडले ते आमच्या भोळ्या माणसांच्या बाबतीत घडणार नाही असे कोणी म्हणावे? आईच्या डोळ्यांसाठी बागायत गहाण ठेवण्यास सिद्ध झालेला मुलगा हा दोषी नव्हे. तो प्रेमाने आंधळा झालेला असतो, आणि फसविणारे नेमके तेच जाणतात.

मग करावे काय? पहिली गोष्ट, जो पडदा शाबूत आहे तो राखावा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण असल्याचा अंदाज आला आणि सर्व राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वांत अधिक, प्रौढांत शेकडा 26.4, असे दिसून आले. मधुमेहाने दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू नासतात आणि आरंभी रुग्णास काहीच जाणवत नाही. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी. दृष्टी चांगली आहे म्हणून टाळू नये. चाळिशीनंतर डोळ्याच्या आतील दाब तपासावा, कारण काचबिंदूही पावले न वाजविता येतो. लहान मुलांच्या जेवणात हिरवा पाला, शेवगा, पपई, आंबा, अंडे आणि मासे असावेत. त्यांतून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वापासूनच दंडपेशींतील प्रकाश टिपणारे द्रव्य बनते. ते अपुरे पडले की रातांधळेपणा येतो.

दुसरी गोष्ट, मृत्यूनंतर डोळे द्यावेत. पडदा दुसऱ्यास बसविता येत नाही. परंतु डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, जिला स्वच्छमंडल म्हणतात, ती बसविता येते. तोबितप्रमाणे जिची पुढची काच पांढरी झाली अशा व्यक्तीस त्यामुळे पुन्हा दिसू लागते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवून हे दान होते. अशा दानास ख्रिस्तसभेचा विरोध आहे असा समज काही घरांत अजून आढळतो. तो निराधार आहे. परमगुरू बारावे पायस यांनी 1956 साली नेत्रदात्यांच्या इटालियन संघापुढे केलेल्या भाषणात या दानाचा स्पष्ट पुरस्कार केला होता.

आता शेवटचे. कोणी विचारील, प्रभूने ही देणगी क्षुद्र माशास दिली आणि मनुष्यास का दिली नाही? याचे उत्तर देण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण एवढे दिसते की, मनुष्यास त्याने शोधण्याची बुद्धी दिली आणि एकमेकांची काळजी घेणारे हृदय दिले. तोबितच्या कथेतही देवदूताने स्वतः चमत्कार केला नाही. त्याने मुलास वाट दाखविली, माशापाशी नेले आणि काय करावे ते सांगितले. मासा पकडण्याचे, पित्त जपण्याचे आणि लांबची वाट चालून बापापाशी परतण्याचे काम मुलालाच करावे लागले. आजचे संशोधकही तशीच लांबची वाट चालत आहेत. ते परत येईपर्यंत ओटीवरच्या आजीचा हात धरून तिला मिस्सेला नेणे, तिला वर्तमानपत्र वाचून दाखविणे आणि ताटात काय वाढले आहे ते तिला सांगणे, हे आमच्या हाती आहे. दृष्टिपटलातील त्या खांबासारख्या पेशी स्वतः पाहत नाहीत. पाहणाऱ्यांना त्या सांभाळतात. न पाहणाऱ्यांना सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

29 सप्टेंबर रोजी मिखाएल व गाब्रिएल यांच्यासह राफाएल देवदूताचा सण येतो. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील व शेजारातील दृष्टिहीनांसाठी, तसेच प्रयोगशाळांतून रात्रंदिवस खपणाऱ्या संशोधकांसाठी एक प्रार्थना अवश्य करावी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातील मधुमेही माणसास डोळे तपासण्यास घेऊन जावे.